स्वतःच गेम बनवायला शिकताना: इंजिन नंतर, आधी एक पूर्ण पाँग

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथन बऱ्यापैकी येतं. वर्षभर व्हिडिओ बघत, त्यांच्याबरोबर टाइप करत काही गेम बनवले, पण रिकामं प्रोजेक्ट उघडलं की काहीच सुचत नाही. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, कुठलं घ्यावं: युनिटी, अनरिअल की गोडो? गणित किती लागतं? पैसे भरून कोर्स करावा का? आणि डोक्यात एक मोठा ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम आहे, तो कधी सुरू करावा?

यातलं कळीचं वाक्य ‘काहीच सुचत नाही’ हे आहे. इंजिनाचा प्रश्न त्यामानाने किरकोळ.

व्हिडिओबरोबर टाइप करताना सिंटॅक्स कळतो, कुठलं बटण कुठे आहे ते कळतं. पण खेळाडू किती वेगाने धावेल, शत्रूला खेळाडू कधी ‘दिसेल’, स्कोअर कुठल्या ऑब्जेक्टकडे राहील, हरल्यावर नेमकं काय होईल, असे शेकडो बारीक निर्णय व्हिडिओ करणाऱ्याने रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच घेतलेले असतात. तुमच्यापर्यंत नुसती उत्तरं पोचतात. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदाच ते प्रश्न तुमच्याकडे येतात, आणि त्यांची सवय कधी लागलेलीच नसते. त्यामुळे हात अडतो. ही सवय लावून घेणं म्हणजेच गेम डेव्हलपमेंट शिकणं, बाकीचं हळूहळू येतं.

आधी इंजिन, कारण ते संपवल्याशिवाय कुणी पुढचं वाचत नाही. पायथन येत असेल तर गोडो घ्या. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा दिसायला पायथनसारखीच आहे, इंजिन एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे आणि टूडीसाठी फार सुटसुटीत आहे. मोबाइल गेमच्या कंपन्यांमध्ये नोकरी हवी असेल तर युनिटी आणि त्याची सी शार्प ही भाषा. वास्तवदर्शी थ्रीडी हेच वेड असेल तर अनरिअल; तिथे ब्लूप्रिंटने, म्हणजे कोड न लिहिता ठोकळे जोडून, सुरुवात होते, पण पुढे सी प्लस प्लस टळत नाही. एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर अनरिअल ५ टक्के रॉयल्टी घेतं. तुमच्या बाबतीत ही चिंता आत्ता करण्यासारखी नाही. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलच्या संख्येवर शुल्क लावायचं जाहीर केलं, गदारोळ झाला आणि वर्षभराने ते मागे घेतलं. मालकीचं इंजिन वापरताना नियम बदलू शकतात, एवढं त्यातून लक्षात ठेवलं तरी पुरे.

इंजिनावरून गेमचा दर्जा ठरत नाही हे पटत नसेल तर तीन नावं घेतो. अंडरटेल (२०१५) गेममेकरमध्ये झाला. स्टारड्यू व्हॅली (२०१६) सी शार्पमध्ये, मायक्रोसॉफ्टने तेव्हा वाऱ्यावर सोडून दिलेल्या एक्सएनए फ्रेमवर्कवर. बलाट्रो (२०२४) लुआ भाषेत, लव्ह नावाच्या छोट्याशा फ्रेमवर्कवर. तिन्हींमागे मुख्यतः एकेकच माणूस. एक इंजिन निवडा आणि वर्षभर त्याला चिकटून राहा. सीन, कोलिजन, इनपुट, टायमर, सिग्नल या कल्पना सगळीकडे त्याच असतात, नावं तेवढी बदलतात. स्वतःचं इंजिन लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, शिकायला भरपूर मिळतं. फक्त आपण गेम करतोय असं स्वतःला सांगू नका.

आता मुद्द्याचं. पहिला गेम म्हणून पाँग करा: दोन बाजूंना दोन बॅट, मधे एक चेंडू, टेबल टेनिससारखा. त्यावर ‘इतका साधा?’ असं म्हणायच्या आधी एक गंमत ऐका. १९७२ साली अटारी या गेम कंपनीत तिच्या नोलन बुशनेलने अ‍ॅलन अल्कॉर्न या नव्याने आलेल्या इंजिनिअरला पाँग बनवायला दिला तो सरावाचं काम म्हणून. अल्कॉर्नला गेमचा अनुभव नव्हता. त्यात प्रोसेसर नव्हता, सॉफ्टवेअर नव्हतं. सगळा गेम सर्किटमध्ये बसवलेला. तरी त्याने त्यात जे निर्णय घेतले ते आजही शिकण्यासारखे आहेत. चेंडू बॅटला लागून नुसता आरशासारखा परतला असता तर खेळात दम नव्हता. म्हणून त्याने बॅटचे आठ भाग केले आणि कुठल्या भागाला चेंडू लागतो त्यावरून परतीचा कोन ठरवला. रॅली लांबत गेली की चेंडूचा वेग वाढतो, गुण गेला की पुन्हा मूळ वेगावर येतो. आणि सर्किटमधल्या एका मर्यादेमुळे बॅट स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नव्हती; ती दुरुस्त न करता त्याने तशीच ठेवली, कारण त्या फटीमुळे दोन चांगले खेळाडू अनंतकाळ खेळत बसत नाहीत.

हे तिन्ही निर्णय कोडच्या चार-सहा ओळींचे आहेत. तुमचा पाँग या तीन गोष्टींशिवाय चालू करा, पाच मिनिटं खेळा, मग एकेक घालत जा. गेम ‘चालणं’ आणि गेम ‘खेळावासा वाटणं’ यातलं अंतर हाताला कळेल.

पण व्हिडिओ नाही. फक्त इंजिनाचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडं ठेवायचं. अडलात तर प्रश्न लहान करायचा: ‘पाँग कसा बनवतात’ असं शोधायचं नाही, ‘दोन आयत एकमेकांना लागले हे कसं ओळखायचं’ असं शोधायचं. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. प्रश्नाचे तुकडे पाडता येऊ लागले की रिकाम्या प्रोजेक्टची भीती निम्मी जाते.

पाँग करताना दोन खड्डे हमखास लागतील, आणि लागलेच पाहिजेत. पहिला वेळेचा. दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीन दर वेळी नव्याने रंगवताना, चेंडू ५ पिक्सेल सरकवला तर सेकंदाला ६० फ्रेमच्या मॉनिटरवर तो सेकंदाला ३०० पिक्सेल जातो आणि १४४ फ्रेमच्या मॉनिटरवर ७२०. म्हणजे मित्राकडे तुमचा गेम खेळता येत नाही. उपाय सोपा: वेग ‘पिक्सेल प्रति सेकंद’ असा ठेवायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणायचा. दुसरा खड्डा वेगाचा. रॅली वाढली, चेंडू सेकंदाला १२०० पिक्सेलवर गेला. ६० फ्रेमला तो एका फ्रेममध्ये २० पिक्सेल उडी मारतो. बॅटची जाडी १० पिक्सेल. एका फ्रेममध्ये चेंडू बॅटच्या अलीकडे, पुढच्या फ्रेममध्ये पलीकडे. मधे तो बॅटला लागलाच नाही! याला टनेलिंग म्हणतात, आणि मोठमोठ्या गेममधल्या भिंतीतून आरपार जाणाऱ्या गोळ्या याच जातीच्या. मग ‘आत्ता कुठे आहे’ एवढंच न तपासता ‘तिथून इथवर येताना वाटेत काय होतं’ हे तपासायचं, किंवा एका फ्रेमचे लहान टप्पे करायचे. इंजिनात फिजिक्सचा टप्पा वेगळा का असतो (गोडोत मुळात सेकंदाला ६०, युनिटीत ५०), हे या घोळात एकदा सापडल्यावर जसं समजतं तसं नुसतं वाचून समजत नाही.

मग येतो कंटाळवाणा भाग, जो नवशिके सोडून देतात: सुरुवातीचा मेन्यू, पॉज, आवाज कमी-जास्त करणं, जिंकल्या-हरल्याचा स्क्रीन, पुन्हा खेळा. एस्केप दाबल्यावर काय होतं? विंडो लहान-मोठी केली तर? शेवटी बिल्ड, म्हणजे इंजिनाशिवाय चालणारा गेम, काढून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. अर्धवट सोडलेल्या दहा प्रोटोटाइपपेक्षा असा एक पूर्ण पाँग जास्त शिकवतो, कारण गेमचे सगळे भाग एकमेकांशी कुठे भांडतात ते शेवटी शेवटीच दिसतं. पॉज केल्यावर संगीत चालू राहावं का, पण टायमर थांबावा का, हा प्रश्न तुम्हाला वीस तासांच्या गेममध्येही तसाच भेटणार आहे.

पाँगनंतर ब्रेकआउट (१९७६), चेंडूने विटा फोडायचा गेम. इथे नवीन धडा एकच: विटा कोडमध्ये हाताने मांडायच्या नाहीत, लेव्हल ही माहिती म्हणून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. हे जमलं की पुढे जा.

तिसरा गेम एकाच स्क्रीनचा प्लॅटफॉर्मर, म्हणजे धावत-उड्या मारत पुढे जायचा गेम, आणि इथे मात्र मुक्काम करा. नुसती उडी चांगली करण्यात आठवडा घालवलात तरी तो वाया नाही. बहुतेक जण गुरुत्वाकर्षण आणि उडीचा वेग हे दोन आकडे अंदाजाने फिरवत बसतात. त्यापेक्षा उलटीकडून या. उडी किती उंच हवी आणि टोकाला पोचायला किती वेळ लागावा, हे दोन ठरवा. बाकीचं गणित देतं. गुरुत्वाकर्षण = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग, सुरुवातीचा वेग = २ × उंची ÷ वेळ. ९६ पिक्सेल उंची आणि ०.४ सेकंद धरले तर गुरुत्वाकर्षण १२०० आणि वेग ४८०. आता तुमचे आकडे डिझाइनच्या भाषेत आहेत. ‘उडी जड वाटते’ असं कुणी म्हणालं तर कुठला आकडा बदलायचा ते तुम्हाला माहीत असतं.

एवढ्यावर उडी भौतिकशास्त्राच्या हिशेबाने बरोबर होते, पण खेळायला गोड लागत नाही. बटण लवकर सोडलं तर उडी छोटी व्हायला हवी. खाली येताना गुरुत्वाकर्षण थोडं वाढवलं तर पात्र तरंगत नाही. कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणभर, साधारण ०.१ सेकंद, उडी मारू द्यायची. याला कोयोटी टाइम म्हणतात. आणि जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं गेलं तर ते लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी मारायची. खेळणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, त्याला फक्त आपण छान खेळतोय असं वाटतं. सेलेस्ट या गेमने या सवलतींची कला फार वर नेली, आणि त्याच्या मुख्य पात्राचा कोड निर्मात्यांनी सगळ्यांना वाचायला खुला केला आहे. तो जरूर वाचा. हजारो ओळींची ती एकच फाइल बघून ‘स्वच्छ कोड’बद्दलचे तुमचे बरेच गंड गळून पडतील. जाता जाता, सेलेस्टची पहिली आवृत्ती २०१५ मध्ये एका गेम जॅममध्ये (ठरावीक थोड्या वेळात गेम बनवायचा उपक्रम) पिको-८ वर चार दिवसांत झाली होती. पिको-८ म्हणजे छोटे गेम बनवायचं एक काल्पनिक कन्सोल: १२८ × १२८ पिक्सेल आणि १६ रंग, बस्स.

गणिताची भीती बाळगू नका. टूडीसाठी व्हेक्टर, थोडी त्रिकोणमिती आणि दोन किमतींच्या मधली किंमत काढणारं लर्प, एवढ्यावर वर्ष-दोन वर्षं निघतात. उजवीकडे आणि वर एकदम दाबलं की पात्र १.४१ पट वेगाने का पळतं, हे समजलं की व्हेक्टर नॉर्मलाइझ करणं, म्हणजे त्याची लांबी १ करणं, विसरणार नाही. पहारेकऱ्याला खेळाडू समोर दिसतो की तो पाठीमागे आहे, हे डॉट प्रॉडक्टच्या (दोन व्हेक्टरच्या एका गुणाकाराच्या) अधिक-उणे चिन्हावरून कळतं. हे एकदा स्वतः करून बघा, शाळेत निरर्थक वाटलेली गोष्ट अचानक कामाची होते. क्वाटर्नियन, म्हणजे थ्रीडीत वस्तू फिरवायचं गणित, इंजिनाला सांभाळू द्या.

कोडच्या बाबतीत दोनच आग्रह. पहिल्या दिवसापासून गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरा. ‘फायनल’, ‘फायनल-२’ अशा फोल्डरांवर भरवसा ठेवू नका. आणि पात्राच्या अवस्था वेगळ्या लिहायला शिका. ‘उडतोय’, ‘वाकलाय’, ‘मार खाल्लाय’, ‘शिडीवर आहे’ असे चार हो-नाही व्हेरिएबल ठेवले की १६ जोड्या होतात आणि त्यातल्या निम्म्या अशक्य असतात. बग तिथेच घर करतात. स्टेट मशीनमध्ये पात्र एका वेळी एकाच अवस्थेत असतं आणि कुठून कुठे जाता येतं ते लिहिलेलं असतं. बाकी डिझाइन पॅटर्न आणि ऑप्टिमायझेशन तूर्त बाजूला. गेम हळू चालतोय असं वाटलं तर अंदाज न बांधता प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) उघडा.

एआयकडून कोड लिहून घेण्याबद्दल हल्ली सगळेच विचारतात. एरर समजून घ्यायला, एखादी संकल्पना तीन प्रकारे समजावून घ्यायला ते उत्तम आहे. पण तुमची अडचण निर्णय घेण्याची आहे, आणि अख्खी सिस्टिम त्याच्याकडून लिहून घेतलीत तर तुम्ही व्हिडिओच्या जागी दुसरा व्हिडिओ आणला. जी ओळ स्वतः समजावून सांगता येत नाही ती प्रोजेक्टमध्ये ठेवायची नाही, हा नियम मी पाळतो. व्हिडिओही पूर्ण बंद करायची गरज नाही. सबंध बघा, बंद करा, आठवणीने करा, आणि झाल्यावर त्यातला एक नियम असा बदला की बाकीचं पुन्हा जुळवावं लागेल.

चित्रं आणि आवाज यात सुरुवातीला अडकू नका. रंगीत चौकोनांत मजा येत नसेल तर सुंदर स्प्राइट घालून येणार नाही. गरज पडली की केनी या संकेतस्थळाच्या संग्रहातली सीसी-झिरो परवान्याची तयार चित्रं-आवाज (असेट) घ्या, ती श्रेय न देताही वापरता येतात. इतरत्रून घेताना परवाना वाचा, कारण काहींना श्रेय द्यावं लागतं आणि काही विक्रीच्या गेममध्ये चालत नाहीत. उडी, फटका, नाणं असे आवाज बीएफएक्सआर या आवाज बनवायच्या साधनात बटणं दाबत दोन मिनिटांत होतात. त्याचा पूर्वज एसएफएक्सआर हा मुळात २००७ च्या एका लुडम डेअरसाठीच लिहिला गेला होता.

लुडम डेअर म्हणजे गेम जॅम: विषय जाहीर होतो आणि एकट्याने भाग घेतला तर ४८ तासांत गेम द्यायचा. २००२ पासून चालू आहे. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीत होतो, तिथे टीमने काम करतात. तिसऱ्या गेमनंतर एखाद्यात भाग घ्याच. तुमच्यासारख्या, डोक्यात मोठा गेम असलेल्या माणसाला तर जॅम औषधासारखा लागू पडतो: शनिवारी दुपारी कल्पनेतल्या सहा गोष्टी कापाव्या लागतात, आणि कुठली ठेवायची हे ठरवताना गेमचा गाभा काय ते कळतं.

दुसऱ्या कुणाला खेळायला बसवणं ही मात्र न टाळण्याची गोष्ट. त्याच्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. ‘अरे, तिथे स्पेस दाब’ हे शब्द जिभेवर येतील. गिळायचे आणि वहीत लिहायचं की इथे अडला. खेळणाऱ्याने दिलेला उपाय बहुधा चुकीचा असतो, पण तो कुठे अडला ती जागा नेहमी खरी असते. ‘शत्रू फार ताकदवान आहेत’ असं तो म्हणेल. बघितलं तर त्याला ढाल आहे हेच कळलेलं नसतं. मित्रांची स्तुती ऐकून घ्या आणि विसरा. कुणी न सांगता खेळणाऱ्याने दुसऱ्यांदा ‘पुन्हा खेळा’ दाबलं का, तेवढं बघा.

आता तुमचा ओपन-वर्ल्ड गेम. तो सोडून द्या असं मी म्हणणार नाही, पण त्यात काय काय आहे ते कागदावर मांडा: लढाई, सामानाची पोतडी, संवाद, कामगिऱ्या, दुकान, शत्रूंचं वाट शोधणं, दिवस-रात्र, नकाशाचे तुकडे लोड करणं, आणि सेव्ह. शेवटचा शब्द छोटा दिसतो पण तो बाकी सगळ्यांना चिकटलेला आहे. दार उघडलं होतं का, म्हाताऱ्याने तलवार दिली का, त्यानंतर तो मेला का. हे सगळं लिहून ठेवायचं आणि तसंच परत उभं करायचं. सहा महिन्यांनी सेव्ह जोडायला गेलेला माणूस अर्धा गेम पुन्हा लिहितो. स्टारड्यू व्हॅलीला तो बनवणाऱ्या एरिक बॅरोनची चारेक वर्षं गेली, आणि तो तर आकाशाला भिडणारा ओपन-वर्ल्ड नव्हे, एक शेत आणि एक गाव आहे.

म्हणून चौथा गेम असा करा: एक खोली, एक पात्र, तीन वस्तू, एक बंद दार. संवादात तुम्ही काय बोलता त्यावर दार उघडण्याचे दोन मार्ग. मधेच सेव्ह करून गेम बंद केला आणि पुन्हा उघडला तर सगळं जसंच्या तसं हवं. हे नीट जमलं तर तुमच्या स्वप्नातल्या गेमची जवळजवळ सगळी हाडं त्यात आहेत. मग दोन खोल्या. कदाचित तिसऱ्या खोलीपाशी लक्षात येईल की तुम्हाला जग नको होतं, ते संवादच हवे होते. असं बऱ्याच जणांचं होतं, आणि गेम त्यातून चांगलाच होतो.

कोर्सबद्दल. जे शिकवतात ते जवळपास सगळं फुकट उपलब्ध आहे, त्यामुळे मजकुरासाठी पैसे देऊ नका. कुणी अनुभवी माणूस तुमचा कोड आणि तुमचा गेम बघून दर आठवड्याला टोचून बोलणार असेल, तर त्याला द्या. प्रमाणपत्राकडे गेम कंपन्यांत फारसं कुणी बघत नाही. दोन-तीन लहान, पूर्ण, लगेच खेळता येतील असे गेम आणि त्यांचा वाचता येणारा कोड हा तुमचा बायोडेटा. अर्ज करताना ‘मी सगळं करतो’ असं लिहू नका. गेमप्ले प्रोग्रामर, लेव्हल डिझायनर, टूल्स, यातलं एक निवडा.

विक्रीची घाई तर मुळीच नको. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात एका गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात, जे गेमची कमाई १००० डॉलर झाल्यावर परत मिळतात. गूगल प्ले एकदाच २५ डॉलर घेतं आणि अ‍ॅपल दरवर्षी ९९. पहिले चार गेम इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर वेब बिल्ड करून फुकट टाका. काही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये उघडतो म्हटल्यावर अनोळखी माणसंही खेळून बघतात, आणि ती कुठे कंटाळून निघून जातात हे पुढचा गेम सुरू करण्याआधी तुमच्या हातात असतं.